संगणक एके रात्री झोपतो, दुसऱ्या रात्री झोपत नाही: सस्पेंड मोडणारे खोटे वेकअप संकेत कसे शोधावेत?

प्रश्न: कोराकागद

नमस्कार. माझा डेस्कटॉप संगणक सस्पेंडमध्ये (चालू काम स्मृतीत ठेवून झोपण्याच्या अवस्थेत) कधी जातो आणि कधी जात नाही, आणि या लहरीपणामागे काय नियम आहे हे तीन आठवडे डोके खाजवूनही मला उलगडलेले नाही. संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१ मालिकेतील आहे, इंटरनेट केबलने येते, आणि कीबोर्ड व माउस दोन्ही बिनतारी असून एकाच डोंगलवर चालतात. मदरबोर्डच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचाच आहे असे म्हणण्याइतके मला अद्याप काही कळलेले नाही.

रात्री काम संपल्यावर मी मेनूमधून सस्पेंड निवडतो. एखाद्या रात्री पंखे थांबतात, दिवा लुकलुकू लागतो आणि सकाळपर्यंत सर्व शांत असते. दुसऱ्या रात्री पंखे थांबतात खरे, पण दोन-तीन सेकंदांत संगणक पुन्हा सुरू होऊन पासवर्ड मागतो. अशा वेळी मी कंटाळून तो पूर्ण बंद करतो आणि सकाळी नव्याने चालू करतो. इंटरनेटवर शोधल्यावर ‘जीपीपी०’ नावाचे उपकरण खोटा वेकअप संकेत देते आणि त्याचे नाव /प्रॉक/एसीपीआय/वेकअप या फाइलीत लिहिले की त्रास थांबतो, असे वाचनात आले. मी ते हाताने करून पाहिले आणि त्या दिवशी संगणक चार वेळा बिनतक्रार झोपला. मात्र रीस्टार्ट केल्यावर हा बदल टिकत नाही, म्हणून प्रत्येक वेळी झोपण्यापूर्वी तोच आदेश आपोआप चालावा अशी एक सिस्टमडी सेवा (प्रणालीने पार्श्वभूमीत चालवायचे काम) लिहून ‘स्लीप टार्गेट’ला, म्हणजे झोपण्याच्या टप्प्याला, जोडली. तेव्हापासूनच हा लहरीपणा सुरू झाला. गेल्या आठवड्याचा हिशोब असा: सोमवारी झोपला, मंगळवारी लगेच उठला, बुधवारी दोनदा प्रयत्न करूनही झोपला नाही, गुरुवारी झोपला, शुक्रवारी पुन्हा उठला. जीपीपी० हे कारण नसेल, तर हाताने आदेश दिल्यावर दिवसभर नीट कसे चालले? आणि तेच कारण असेल, तर आता काय बिघडले?

उत्तर: पाटीपेन्सिल

माझ्याकडे असाच त्रास नेटवर्क कार्डामुळे होत होता. ‘इथटूल’ आदेशाने आपल्या कार्डाची ‘वेक-ऑन’ ही ओळ पाहावी. तेथे केवळ ‘जी’ हे अक्षर असेल, तर कार्ड फक्त मुद्दाम पाठवलेल्या मॅजिक पॅकेटने (जागे करण्याच्या खास संदेशाने) जागे होते. ‘बी’ किंवा ‘यू’ असेल, तर राउटरने सहज विचारलेली चौकशीही संगणकाला उठवू शकते. ‘डी’ लिहिले की सर्व बंद होते. त्यातूनही उलगडा झाला नाही, तर सर्वच उपकरणांची जागवण्याची परवानगी एका छोट्या स्क्रिप्टने काढून टाकावी आणि मोकळे व्हावे. मी तेच केले आहे. पॉवरचे बटण तरीही चालते.

उत्तर: तळटीप

पाटीपेन्सिल यांचा नेटवर्कविषयीचा मुद्दा योग्य आहे, आणि तो तपासायला अर्धे मिनिट लागते, म्हणून तो आधी तपासावाच. मात्र सर्वांची परवानगी सरसकट काढण्याचा सल्ला मला पटत नाही. त्याने लक्षण दबते, पण कोणत्या उपकरणाने संकेत दिला हे कधीच कळत नाही. पुढे कर्नल बदलला किंवा एखादे कार्ड नव्याने बसवले की तोच शोध पहिल्यापासून करावा लागतो.

कोराकागद, आपण ‘झोपला नाही’ हे एकच शब्द दोन निरनिराळ्या घटनांसाठी वापरत आहात, असा मला संशय आहे. पहिल्या प्रकारात संगणक झोपण्याच्या वाटेवर असतानाच एखादे उपकरण संकेत देते, त्यामुळे कर्नल अर्ध्यातून माघारी फिरतो. येथे पडदा काळा होतो, पण पंखे थांबत नाहीत. दुसऱ्या प्रकारात संगणक खरोखर एस३ अवस्थेत (स्मृती सोडून जवळजवळ सर्व बंद असलेल्या झोपेत) जातो, वीज तोडली जाते, पंखे थांबतात, आणि नंतर एखादा हार्डवेअर संकेत त्याला उठवतो. दोन्हींचा शेवट पासवर्डच्या चौकटीतच होत असल्याने बसल्या जागेवरून दोन्ही सारखेच भासतात. प्रत्यक्षात पहिल्याचा जाब ड्रायव्हरला विचारायचा असतो आणि दुसऱ्याचा फर्मवेअरला (बोर्डावरच साठवलेल्या बायोससारख्या प्रोग्रामला) व बसवरील, म्हणजे बोर्डाच्या जोडमार्गांवरील, उपकरणांना.

हा फरक लॉगमध्ये स्पष्ट दिसतो. ‘जर्नलसीटीएल’ला ‘के’ हा पर्याय देऊन फक्त कर्नलच्या नोंदी काढाव्यात आणि ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ या ओळीपासून ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ या ओळीपर्यंतचा भाग वाचावा. मध्ये ‘वेकिंग अप फ्रॉम सिस्टम स्लीप स्टेट एस३’ अशी ओळ असेल, तर संगणक झोपून उठला आहे. ती नसेल आणि तिच्याऐवजी ‘सम डिव्हायसेस फेल्ड टू सस्पेंड, ऑर अर्ली वेक इव्हेंट डिटेक्टेड’ असे असेल, तर तो झोपलाच नव्हता. आपल्या पाचही रात्रींच्या नोंदी पाहून त्या येथे लिहाव्यात, आणि आपण लिहिलेल्या सेवेत नेमका कोणता आदेश आहे तेही सांगावे. बुधवारच्या दोन प्रयत्नांबद्दल मला विशेष उत्सुकता आहे.

कोराकागद

आपले दोघांचेही आभार. नेटवर्क कार्डापुढे फक्त ‘जी’ आहे, आणि तेही ‘डी’ करून पाहिले. काही फरक पडला नाही.

नोंदी पाहिल्या आणि मी चक्रावून गेलो. सोमवार व गुरुवारच्या नोंदींत सकाळी उठल्याची एस३ची ओळ आहे, ते योग्यच आहे. मंगळवारी व शुक्रवारीही ती ओळ आहे, म्हणजे संगणक झोपून लगेच उठला. बुधवारचा पहिला प्रयत्न मात्र वेगळा आहे. तेथे एस३चा उल्लेखच नाही. ‘एक्सएचसीआय’ या यूएसबी नियंत्रकाच्या नावापुढे ‘फेल्ड टू सस्पेंड’ आणि ‘एरर −१६’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली आपण सांगितलेली ‘अर्ली वेक इव्हेंट’ची ओळ आहे. त्यानंतर मिनिटाभरातच मी दुसरा प्रयत्न केला, तेव्हा मात्र तो झोपला आणि मंगळवारसारखा लगेच उठला. सेवेत एकच आदेश आहे: जीपीपी० हे नाव ‘इको’ने /प्रॉक/एसीपीआय/वेकअप या फाइलीत लिहिणे. ती ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची आहे आणि प्रत्येक सस्पेंडपूर्वी चालते, हे नोंदींतही दिसते.

उत्तर: तळटीप

आपण नोंदी इतक्या नेमक्या दिल्यामुळे आता अंदाजाने बोलण्याची गरज उरली नाही. आपल्या संगणकात दोन स्वतंत्र दोष आहेत. तिसरा दोष, माफ करा, आपल्या सेवेत आहे, आणि तोच पहिल्या दोघांचा माग पुसून टाकत होता.

सेवेपासून सुरुवात करतो. /प्रॉक/एसीपीआय/वेकअप या फाइलीत एखाद्या उपकरणाचे नाव लिहिणे म्हणजे ‘बंद कर’ असा हुकूम नव्हे. नाव लिहिले की त्या उपकरणाची स्थिती उलटते: ‘एनेबल्ड’ असेल तर ‘डिसेबल्ड’ होते आणि ‘डिसेबल्ड’ असेल तर पुन्हा ‘एनेबल्ड’. जुन्या घरातील जिन्याच्या दिव्याला दोन ठिकाणी बटणे असतात, तसाच हा प्रकार आहे. बटण दाबणाऱ्याला दिवा लागेल की विझेल हे आधी दिवा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. हाताने आदेश दिलात त्या दिवशी आपण बटण एकदाच दाबले होते, म्हणून चारही वेळा संगणक नीट झोपला. सेवा मात्र प्रत्येक सस्पेंडपूर्वी बटण दाबते. संगणक नव्याने सुरू झाल्यावर जीपीपी०ची परवानगी चालू असते. सोमवारी सेवेने ती बंद केली आणि तो झोपला. मंगळवारी सेवेने तीच पुन्हा चालू केली आणि तो उठला, आपण त्याला पूर्ण बंद केले, त्यामुळे बुधवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. बुधवारच्या पहिल्या प्रयत्नात सेवेने परवानगी बंद केली होती, म्हणजे जीपीपी०कडून धोका नव्हता, पण यूएसबीने मध्येच खोडा घातला. सस्पेंड फसले तरी सेवा चालून गेली होती. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात तिने परवानगी चालू केली आणि जीपीपी०ने संगणकाला उठवले. गुरुवार आणि शुक्रवार हे सोमवार-मंगळवारचेच पुनरावर्तन आहे. बुधवार मध्ये आला नसता, तर ‘एक दिवसाआड’ हा नियम आपल्याच लक्षात आला असता.

आता जीपीपी०विषयी. हे एखाद्या उपकरणाचे नाव नसून प्रोसेसरकडून निघणाऱ्या एका पीसीआय एक्सप्रेस पुलाचे नाव आहे. पुलापलीकडे जे काही बसवलेले असेल, त्याच्या ‘पीएमई’ संकेताला, म्हणजे जागे करण्याच्या विनंतीला, हा पूल वाट करून देतो. फाइलीतील त्याच्या ओळीच्या शेवटी पीसीआय पत्ता दिलेला असतो. ‘एलएसपीसीआय’ आदेश वृक्षरूपात चालवून त्या पत्त्याखाली काय लोंबकळत आहे ते पाहावे. तेथे एनव्हीएमई डिस्क (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) असेल, तर परवानगी काढल्याने आपले काहीही जात नाही, कारण डिस्कने संगणकाला उठवावे असे कोणतेच काम नसते. नेटवर्क कार्ड असेल, तर मॅजिक पॅकेटने उठवण्याची सोय मात्र जाईल. हा संकेत खोटा का येतो, याचे खरे उत्तर बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये आहे. बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर ती घालून पाहणे हा मुळावरचा उपाय, आणि परवानगी काढणे ही मलमपट्टी. अशी मलमपट्टी स्वतः कर्नलमध्येही असते, तेव्हा कमीपणा मानू नये: इंटेलच्या हॅसवेल पिढीतील काही संगणक बंद केल्यावर आपोआप पुन्हा चालू होत, त्यांच्यासाठी यूएसबी ड्रायव्हरमध्ये ‘स्प्युरिअस वेकअप’ याच नावाचा खास अपवाद घातलेला आहे.

परवानगी काढण्याची योग्य जागा /सिस मध्ये आहे. त्या पुलाच्या पीसीआय पत्त्याच्या फोल्डरमध्ये ‘पॉवर’ या उपफोल्डरात ‘वेकअप’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘डिसेबल्ड’ हा शब्द लिहायचा असतो. येथे उलटापालट होत नाही. दहा वेळा लिहिले तरी अर्थ एकच राहतो. हे प्रत्येक सुरुवातीला आपोआप व्हावे यासाठी सेवेचीही गरज नाही. /इटीसी/टीएमपीफाइल्स.डी या फोल्डरातील सूचना सिस्टमडी प्रत्येक सुरुवातीला पाळते, म्हणून तेथे ‘कॉन्फ’ विस्ताराची एक फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहावी. त्या ओळीत सुरुवातीला ‘डब्ल्यू’ हे अक्षर, मग त्या फाइलीचा पूर्ण मार्ग, मग चार रिकाम्या रकान्यांसाठी मध्ये जागा सोडून चार छोट्या आडव्या रेघा (-), आणि शेवटी ‘डिसेबल्ड’ हा शब्द असावा. मी ही नावे येथे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत, मूळ फाइलीत दिसतात तशी टंकावीत. हाताने प्रयोग करताना एक ठेच नेहमी लागते: ‘सुडो इको’ लिहून बाणाने फाइलीकडे वळवले, तर ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते, कारण फाइल उघडण्याचे काम आपले साधे शेल करते, सुडो नव्हे. त्यासाठी ‘सुडो टी’कडे पाइप करावा.

राहिला बुधवारचा पहिला प्रयत्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत मजेशीर आहे. −१६ या त्रुटीचा अर्थ ‘उपकरण कामात आहे’ असा होतो. यूएसबी नियंत्रक झोपण्याच्या बेतात असताना एखाद्या पोर्टवरून वेकअपचा संकेत आला, तर तो झोपण्यास नकार देतो, आणि एकाने नकार दिला की कर्नल संपूर्ण सस्पेंड रद्द करून सर्वांना उठवतो. हे वागणे मुळात बरोबर आहे. नेमक्या त्याच क्षणी कोणी खरोखर कळ दाबली असेल, तर ती गिळून झोपणे हाच दोष ठरला असता. कर्नलमध्ये २०१० साली, २.६.३६ या आवृत्तीत, /सिस/पॉवर/वेकअप_काउंट ही फाइल आली ती याच शर्यतीसाठी. झोपवणारा प्रोग्राम आधी तिच्यातील आकडा वाचतो आणि तोच परत लिहितो. दरम्यान एखादी घटना घडली असेल तर लिहिणे फसते, आणि लिहिल्यानंतर घडली तर सस्पेंड मागे घेतले जाते. अँड्रॉइड फोन ही पद्धत वापरतात. आपल्या डेस्कटॉपवर ती वापरात नसली तरी यूएसबी नियंत्रकाची स्वतःची राखण असतेच.

मग संकेत दिला कोणी? माझा रोख आपल्या डोंगलवर आहे. कीबोर्डने संगणक जागा व्हावा अशी लोकांची अपेक्षा असते, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर कीबोर्ड दिसताच त्याला जागवण्याची परवानगी आपणहून देतो. आपला डोंगल कीबोर्ड आणि माउस दोन्हींचा आहे. परवानगी मागताना तो कीबोर्ड म्हणून उभा राहतो आणि ती संपूर्ण डोंगलला मिळते, त्यामुळे माउसची किंचितशी हालचालही वेकअप ठरते. आपण सस्पेंड मेनूमधून निवडता, म्हणजे माउसनेच निवडता. शेवटचे क्लिक करून हात उचलताना माउस केसभर हलतो, आणि झोपण्याची प्रक्रिया तेव्हा नेमकी अर्ध्यात असते. त्यातच टेबल चकचकीत सनमायकाचे असेल, तर प्रकाशकीय माउसला कोणी न हलवताही हालचाल ‘दिसते’. हे खरे की खोटे ते तपासणे सोपे आहे. सस्पेंडचा आदेश टर्मिनलमधून पाच सेकंद थांबून द्यावा आणि तेवढ्यात माउस उलटा करून ठेवावा. मग पुन्हा तोच आदेश देऊन या वेळी माउस मुद्दाम हलवत राहावे.

संशय खरा ठरला, तर डोंगलसाठी यूडेव्हचा (उपकरण जोडले जाताच नियम लावणाऱ्या सोयीचा) नियम लिहावा. ‘एलएसयूएसबी’ आदेशात डोंगलचे उत्पादक व उत्पादन क्रमांक दिसतात. ते नियमात घालून ‘पॉवर/वेकअप’ या गुणधर्माला ‘डिसेबल्ड’ हे मूल्य द्यावे. येथे टीएमपीफाइल्स वापरू नये, कारण डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की त्याचा मार्ग बदलतो, क्रमांक मात्र तोच राहतो. नियम लिहिल्यावर डोंगल काढून पुन्हा लावावा आणि ती फाइल वाचून खात्री करावी. नियंत्रकाचीच परवानगी काढली तरी काम होईल, पण मग त्या नियंत्रकावरील प्रत्येक पोर्ट मुका होतो, आणि उद्या तारेचा कीबोर्ड लावलात तर तोही संगणकाला उठवू शकणार नाही.

उत्तर: घड्याळजी

चर्चा डेस्कटॉपची आहे, तरी लॅपटॉपवाल्यांसाठी थोडी भर घालतो, कारण वरील एस३ची ओळ त्यांना कदाचित सापडणारच नाही. /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचावी. तिच्यात चौकटी कंस ‘डीप’भोवती असेल तर वरचे सर्व लागू होते. तो ‘एस२आयडल’भोवती असेल, तर संगणक एस३मध्ये जातच नाही. उपकरणे झोपतात, प्रोसेसर सर्वांत खोल विश्रांतीत जातो, पण त्याला उठवण्याचे काम फर्मवेअरकडे नसून इंटरप्टकडे (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या उपकरणाच्या संकेताकडे) असते. माझा लॅपटॉप बॅगेत गरम होत असे तो याच कारणाने. झाकण बंद असल्यामुळे सिस्टमडी त्याला पुन्हा झोपवी, तो पुन्हा उठे, आणि हा खेळ प्रवासभर चाले.

अशा वेळी /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू या फाइलीत उठवणाऱ्या इंटरप्टचा क्रमांक मिळतो आणि /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये त्याचा धनी सापडतो. माझ्याकडे तो ९ निघाला. हा एसीपीआयचा (वीज-व्यवस्थापनासाठी फर्मवेअर व प्रणाली यांच्यातील दुव्याचा) सामाईक क्रमांक असल्याने तेवढ्यावर काही ठरत नाही. पुढे /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स मधील ‘जीपीई’ (एसीपीआयच्या वेगवेगळ्या घटना मोजणारे) गणक झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर टिपून ठेवले, तेव्हा एकाच गणकाचा आकडा वाढलेला दिसला, आणि तो लॅपटॉपच्या एम्बेडेड कंट्रोलरचा (बॅटरी, तापमान यांवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या चिपचा) होता. बॅटरीची किंवा तापमानाची खबर देण्यासाठी तो प्रोसेसरला हलवत होता. एसीपीआय मोड्यूलच्या ‘ईसी_नो_वेकअप’ या पर्यायाला ‘वाय’ दिल्यावर त्रास थांबला. हा पर्याय चालू संगणकावर /सिस/मोड्यूल मधूनही बदलता येतो, म्हणून आधी तेथे करून पाहावे आणि पटले तरच ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या मांडणीत) कायम करावे. घाई न करण्याचे कारण असे की काही लॅपटॉपमध्ये झाकण उघडल्याची खबरही त्याच कंट्रोलरकडून येते, आणि मग झाकण उघडूनही लॅपटॉप ढिम्म राहतो. माझ्या सुदैवाने माझा उठतो.

कोराकागद

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही रात्री जाऊ देऊन मगच लिहावे असे ठरवले होते.

जीपीपी०च्या पलीकडे एनव्हीएमई डिस्कच निघाली. माउसचा प्रयोग सांगितल्याप्रमाणे केला: माउस उलटा ठेवून सहापैकी सहा वेळा संगणक झोपला, आणि हलवत राहिल्यावर सहापैकी चार वेळा −१६ ही त्रुटी आली. उरलेल्या दोन वेळा तो झोपला आणि हलत्या माउसनेच लगेच उठला. टेबल सनमायकाचे आहे हे आपण कसे ओळखले ते कळले नाही. यूडेव्हचा नियम आणि टीएमपीफाइल्सची ओळ दोन्ही घातल्या, आणि त्याच रात्री संगणक पुन्हा झोपून उठला, तेव्हा मी येथे बराच रागीट मजकूर लिहायला घेतला होता. पाठवण्यापूर्वी फाइल वाचली, तर जीपीपी०पुढे ‘एनेबल्ड’ असे लिहिलेले. जुनी सेवा काढायचीच राहिली होती. सुरुवातीला बंद झालेली परवानगी तिने झोपताना इमाने इतबारे पुन्हा चालू केली होती.

सेवा काढल्याला आज बारा दिवस झाले आणि बाराही रात्री नोंदींत एकेकच एस३ची ओळ आहे. बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध आहे, पण पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्याने ते काम यूपीएसची बॅटरी बदलेपर्यंत लांबणीवर टाकले आहे. डोंगलची परवानगी गेल्यामुळे आता कीबोर्डने संगणक उठत नाही. घरातील मंडळी सकाळी स्पेसबार बडवत बसू नयेत म्हणून पडद्याच्या कडेला ‘बटण दाबा’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.